अन्ननळीतला चिमटा आणि बिनफोडणीचं घर

गेल्या महिन्यात उमरठला आईबाबांकडे गेले होते. आईने नदीच्या माशांचं झणझणीत कालवण केलं होतं... आणि बाबांच्या घशात काटा अडकला.

आपल्याकडे काटा अडकला की उपाय ठरलेला. सुका भात, न चावता गिळायचा. बाबांनी भाताचे गोळे गिळले, वर केळं खाल्लं आणि "गेला बघ खाली" म्हणाले. संध्याकाळी छातीत कळ यायला लागली, अंगात ताप भरला.

महाडला स्कॅन काढला तेव्हा कळलं, भाताच्या गोळ्यांच्या रेट्याने काटा अन्ननळीच्या भिंतीत घुसलाय, भोक पडलंय. डॉक्टरांनी तडक मुंबईला पाठवलं. आता छाती उघडणार, एवढंच माझ्या डोक्यात... सत्तरी ओलांडलेला माणूस, कसं सोसणार?

पण तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भोक लहान आहे, वेळेत आलात, कापाकापी नको. तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी काटा काढला आणि भोकाच्या दोन्ही कडा धातूच्या चिमट्यात धरून मिटवल्या.

मला मेलीला चौकशीची खोड! बाबा सुखरूप आहेत म्हटल्यावर मी म्हटलं, मला बघायचंय. बाईंनी हौसेने रेकॉर्डिंग लावलं. आमच्या कशेडीच्या बोगद्यासारखं काहीतरी, फक्त गुलाबी आणि ओलसर... एका बाजूला बारीकशी फट. करंगळीच्या नखाएवढा चिमटा आला, त्याने आ वासला, फटीवर बसला आणि मिटला. टाका नाही की काही नाही!

"मग हा चिमटा आतच राहणार?" मी विचारलं. जखम भरली की बहुतेक आपोआप सुटून पोटावाटे निघून जातो, म्हणाल्या. मी थक्क.

अट मात्र कडक होती. पुन्हा तपासून गळती नाही असं दिसेपर्यंत तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. नाकातून थेट पोटापर्यंत नळी, तिच्यातून पातळ अन्न.

ही नळी घेऊनच आम्ही उमरठला परतलो. दुसऱ्या दिवशी कुडपणहून आत्या नाचणीची भाकरी फडक्यात बांधून हजर. "येक तुकडा खा रे दादा, भाकरीनं कुनाचं वाईट होत नाय." मी ती भाकरी दारातच काढून घेतली... आत्या अजून माझ्याशी धड बोलत नाही.

आईने तर कमालच केली. बाबांचा जीव खाण्यावर जाऊ नये म्हणून मासे बंद, लसूण बंद, फोडणीच बंद. उकडलेलं काहीतरी ताटात घेऊन आम्ही मागच्या पडवीत चोरासारखे जेवायचो.

तरी बाबा दिवसेंदिवस गप्प होत चालले. नळीतून अन्न घालताना भिंतीकडे तोंड करायचे. एकदा तर नळी उपटायलाच हात गेला, मी कसाबसा धरला. ती निघाली असती तर पुन्हा मुंबई... मला फार भीती वाटली. आणि हे असं का करतायत, तेच कळेना.

परवा दुपारी आई फिकं वरण उतरवत होती. बाबांनी खाटेवरून हाक मारली, "अगो, फोडनी का घालत नायस?"

"तुमाला वास येल. जीव तुटंल तुमचा," आई म्हणाली.

"बिनफोडनीचं सुतकात खातात गो. मी हाय ना अजून?"

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं... त्या माणसाने इतके दिवस पडल्या पडल्या काय काय मनात आणलं असेल!

आईने डोळे पुसले, तेल तापवलं, लसूण ठेचून टाकला. चर्रर्र आवाज झाला आणि बाबा उशीला टेकून उठून बसले. संध्याकाळी मी नळीतून अन्न घालायला गेले, तर भिंतीकडे वळले नाहीत. उलट मलाच विचारलं, "तुमाला आज काय केलंय गो?"

तपासणी अजून व्हायची आहे. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार तर जन्मभर राहतील. सध्या आमच्याकडे दोन्ही वेळेला लसणाची फोडणी पडते... आणि तिचा आवाज ऐकला की मला बाबा बरे होणार अशी खात्री वाटते.