कणसरीचा डोंगर आणि वळवीबाईंचे अर्ज

वळवीबाईंची नि माझी ओळख माझ्या चुकीमुळे झाली. शहाद्याकडच्या सपाटीवरून मी सातपुड्यातल्या आश्रमशाळेत नवा शिक्षक म्हणून आलो होतो. चौथीच्या मुलांना परिसराचा नकाशा काढायला सांगितला. एका मुलीने शाळेमागचा डोंगर सुरेख काढला, पण नाव लिहिले नाही. सरकारी नकाशात ते ठळक छापलेले होते: डाकीण डोंगर. मी दोन गुण कापले. मधल्या सुट्टीत ज्येष्ठ शिक्षिका जमनाबाई वळवी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "सर, गुण खुशाल कापा. ते नाव ती लिहिणार नाही, आणि मी शिकवणार नाही."

मग त्यांनीच समजावले. पाड्यांतल्या लोकांसाठी तो डोंगर कणसरीचा, म्हणजे धान्याच्या देवीचा. ज्वारीची पहिली कणसे बाया वर नेऊन वाहतात, तिला नावाने हाक मारतात, मगच घरी नवे धान्य शिजते. कुण्या जुन्या मोजणीदाराने कणसे घेऊन चढणाऱ्या बाया पाहिल्या, कुणाला काही विचारले नाही आणि डाकीण लिहून मोकळा झाला. ज्या मुलखात डाकीण ठरवलेल्या बाईला मारहाण होते, गाव सोडावे लागते, तिथे हे नाव! मला त्या मोजणीदारापेक्षा जास्त चीड येते ती त्याचे अक्षर मुकाट गिरवणाऱ्या आपल्या सगळ्यांची. त्यात मीही आलो.

आणि बाईंचे मन केवढे! त्याच वर्षी नवाईला, नव्या धान्याच्या सणाला, त्यांनी मला घरी बोलावून नव्या ज्वारीची भाकरी स्वतःच्या हाताने वाढली. गुण कापणाऱ्या माणसाला!

नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही बाई नाव बदलण्यासाठी अर्ज करत राहिल्या. एकदा कचेरीत मी सोबत होतो. कारकून हसून म्हणाला, "बाई, नाव बदलीसन काय व्हई? डोंगर तर तोच ऱ्हाई ना!"

बाईंनी शांतपणे विचारले, "तुमच्या मुलीला त्या नावाने हाक मारू? मुलगी तीच राहील."

त्याने अर्ज उचलून आत साहेबांकडे नेला. साहेबांनी मात्र कणसरी नावाचा पुरावा मागितला. पुढच्या खेपेला बाई पाड्यांतल्या म्हाताऱ्या बायांना जीपमध्ये बसवून घेऊन गेल्या. "साहेब, यांनी जन्मभर तिथे कणसं वाहिली आहेत. यांना विचारा." साहेबांनी काही विचारले नाही. 'कागद आणा' म्हणाले. त्या म्हाताऱ्यांना कुणी बसासुद्धा म्हटले नाही.

पण साहेबांनाच कशाला बोलायचे? बाईंच्या पंच्याहत्तरीच्या समारंभाची निमंत्रणपत्रिका आपल्याच गौरवसमितीने छापली, आणि त्यांच्या जन्मगावापुढे लिहिले: 'डाकीण डोंगराचा पायथा'. सेवापुस्तकात तसेच होते म्हणे! लाज वाटली पाहिजे आपल्याला. पत्रिका द्यायला मीच गेलो होतो. बाईंनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, "मी येईन, सर. पण ही माझ्या पाड्यात वाटू नका."

मी सगळा गठ्ठा परत आणला.

बाईंना निरोगी शतायुष्य लाभो. त्यातला एकही दिवस यापुढे त्यांना अर्ज लिहिण्यात घालवावा लागू नये. पुढचा अर्ज मी लिहून आणतो आहे. समारंभाला येणाऱ्या प्रत्येकाने आधी त्यावर सही करावी, मगच बाईंच्या शालीला हात लावावा.