दादाच्या कंपनीचा अहवाल

ऑफिसात तिला सगळे 'वैद्यीणबाई' म्हणत. कंपन्यांची नाडी बघायची आणि त्यांचा शेअर घ्यावा की विकावा ते सांगायचं, हेच तिचं एकोणीस वर्षांचं काम. संगणकाच्या चिप बनवणारी एक कंपनी मात्र ती टाळत आली होती, कारण तिचा थोरला भाऊ तिथे पाळीप्रमुख होता. मग ती कंपनी बघणारा सहकारी नोकरी सोडून गेला आणि साहेबांनी फाइल तिच्याच गळ्यात मारली.

"भाऊ तिथे आहे हे अहवालात छापू. काम तू कर."

ती कारखाना बघून आली. निम्मी यंत्रं प्लॅस्टिकखाली झाकलेली, गोदामात आठ महिन्यांचा माल पडून. तशीच चिप दुसऱ्या कंपन्या निम्म्या भावात विकत होत्या, आणि नव्या पिढीची चिप बनवायची तर यंत्रं घ्यायला इथे दमडी नव्हती. तिने आकडे उलटेसुलटे करून पाहिले. उत्तर काही बदलेना.

रविवारी दादा घरी आला. चहा पिता पिता म्हणाला, "सगळी पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये आहे गं. ठेवू की विकू?"

"अहवाल छापून येईपर्यंत मला बोलता येत नाही, दादा. कायदाच आहे तसा."

दादा हसला. "मग चांगलंच असणार. वाईट असतं तर तू मला सांगितल्याशिवाय राहिली असतीस होय?"

तिने कपबशा उचलल्या आणि ती आत गेली.

गुरुवारी अहवाल आला: विका. दुपारपर्यंत भाव एक तृतीयांशाने कोसळला. तिने फोन केला.

"दादा, आता तरी विक. अजून पडेल."

"पाळीतल्या चाळीस जणांना मीच सांगितलं होतं, शेअर विकू नका, धीर धरा, बहीण आपलीच आहे म्हणून. आता मीच आधी पळ काढू?"

त्याने विकले नाहीत. पाच महिन्यांत कारखान्याला टाळं लागलं आणि शेअरची रद्दी झाली. ऑफिसात तिच्या अहवालाची वाहवा झाली. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली, तेव्हा तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

दादा तिच्याकडे यायचा थांबला. तिने वहिनीला विचारलं, "रागावलाय का गं?"

"तुझ्यावर नाही," वहिनी म्हणाली. "त्या चाळिसांतले दोघे आमच्याच गल्लीत राहतात. हे आता मागच्या दारानेच जातात-येतात."