साडूंचा टॉवेल

बैलाची पारख असलेली माणसं आपल्या मुलखात पुष्कळ सापडतील. पण ज्या नजरेनं बैल बघायचा त्याच नजरेनं फ्रीज, गादी, दातांचा डॉक्टर आणि मोटारगाडी बघणारा माणूस साऱ्या सातारा-सांगलीत एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हा माझ्या पत्रिकेतला दोष आहे. साडू म्हणजे काय, हे ज्याला साडू आहे त्यालाच कळतं. भावाशी भांडता तरी येतं. साडूशी भांडण नसतं, वाटणी नसते. फक्त सासुरवाडीच्या ओसरीवर दोन पाट शेजारी मांडलेले असतात आणि सगळं घर तोंडानं काही न बोलता या पाटावरून त्या पाटावर नजर फिरवत असतं. मी थोरला जावई. साताऱ्यात सरकारी कचेरीत नोकरी, आवाज हळू, जेवण बेताचं. ते धाकटे. कवठे महांकाळकडचे, आजोबांपर्यंत मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारं घर, आता द्राक्षाची बाग आणि दावणीला हौसेची खिलार जोडी. आमची सासुरवाडी शिराळ्याची. तिथल्या ओसरीवर साडूंनी पाय ठेवला की सासूबाईंचा गुडघा दुखायचा थांबतो. मी साताऱ्याहून नेलेल्या तेलानं तो आजवर कधी थांबलेला नाही.

त्यांच्या पारखीबद्दल सांगायचं तर बाजारात लोक त्यांना मुद्दाम धरून नेतात. जनावराचे दात, खूर, चाल, अंगावरचा भोवरा, शेपटीचा गोंडा, सगळं बघून ते एकच शब्द बोलतात आणि तो शब्द मोडून कुणी व्यवहार करत नाही. इथवर ठीक आहे. पण फ्रीज घ्यायला गेले तेव्हा त्यांनी दार उघडून त्याच्या रबराच्या हिरड्या बोटानं दाबून पाहिल्या, मग मागं जाऊन पाठीवर थाप मारली आणि कान लावून उभे राहिले. दुकानदार म्हणाला, "काका, काय ऐकताय?" तर म्हणाले, "दम लागतोय का बगतोय." दाताच्या डॉक्टरकडे गेले तेव्हा खुर्चीत बसायच्या आधी त्यालाच म्हणाले, "आदी तुमचं दात दावा. ज्येचं सोताचं दात धड न्हाईत त्येच्या हातात माझं कशाला?" डॉक्टरनं मुकाट्यानं आ केला. दोन्ही जबडे पसंत पडले, मग उपचार सुरू झाला. मला वाटलं होतं डॉक्टर हाकलून देईल. तो अजून दर दिवाळीला साडूंच्या घरी फराळाला येतो. माझा डॉक्टर मला इतक्या वर्षांनीही दुसऱ्याच कुणाच्या नावानं हाक मारतो, आणि मी ओ देतो.

या सगळ्याहून चमत्कारिक म्हणजे त्यांचा टॉवेल. जनावरांच्या बाजारात सौदा तोंडानं करत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा, आत बोटं दाबून बोलायचं. भोवतीच्या गर्दीला पत्ता लागत नाही. ही रीत साडूंनी घरात आणली. कुठलाही मोठा निर्णय असला की खांद्यावरचा टॉवेल हातावर पसरायचा आणि घरातल्या प्रत्येकाकडे जायचं. आत बोट दिलं तर हो, मूठ दिली तर नाही. एकाची जरी मूठ आली तरी बेत रद्द, आणि मूठ कुणाची ते मरेस्तोवर सांगायचं नाही. "तोंडावर मानूस खोटं बोलतं पावणं," ते मला म्हणाले होते, "हाताला तेवडी अक्कल नस्ती." एकदा त्यांनी भाऊबंदांत भागीनं ट्रॅक्टर घ्यायचं काढलं होतं. टॉवेलाखाली एक मूठ आली, ट्रॅक्टर राहिला. कुणाची मूठ म्हणून मेहुणीनं त्यांना भांडून, रुसून, गोडधोड करून विचारलं. त्यांनी खाल्लं सगळं, सांगितलं काही नाही.

आणि मी? मी माझी गाडी घेतली तेव्हा कुणालाच विचारलं नव्हतं. पांढरी, पेट्रोलची, साधी. थेट दारात आणून उभी केली. बायको बाहेर आली, हात पुसत नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर ओवाळायला ताट तरी केलं असतं." मी म्हणालो, "त्यात काय सांगायचं?" तेव्हापासून त्या गाडीत ती बसते, पण पाहुणी बसल्यासारखी. एवढं असलं तरी त्या गाडीनं मला एक मान मिळवून दिला होता. शिराळ्याच्या अंगणात चिंच आहे. तिच्या सावलीत एकच गाडी मावते आणि ती जागा थोरल्या जावयाची. साडू आपल्या पिकअपमधून द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटसकट खडखडत यायचे आणि ती बाहेर रस्त्यावर लावायचे. मी ओसरीवर बसून माझ्या गाडीवर पडलेली चिंचेची सावली बघत असे. माणसाला किती थोडं पुरतं बघा.

तर अशा माझ्या सुखात साडूंनी गाडी घ्यायचं काढलं. कारण खरं होतं. मेहुणीची कंबर धरली होती. पिकअपच्या धक्क्यांनी शिराळ्याला पोचेपर्यंत तिचा जीव जायचा, म्हणून तिनं माहेरी येणंच सोडत आणलं होतं, आणि सासूबाईंचं वय असं की त्यांना वाट बघायला लावणं बरं नव्हे. गाडी लहान हवी, कारण साडूंच्या गल्लीत मोठी वळत नाही. आतून मऊ हवी, कंबरेसाठी. आणि डिझेलचीच हवी. यावर त्यांचं म्हणणं त्यांनी भर ओसरीवर सांगितलं. "डिझेल चालू केलं की कळतं जनावर जागं झालं. छाती भरून आवाज येतो. पेट्रोलची गाडी म्हंजे आपल्या थोरल्या पावण्यांवानी. चालू हाय का बंद, हात लावून बगावं लागतं!" सगळं घर हसलं. माझी बायको तर पदर तोंडाला लावून हसली. ती अशी हसते हे मी विसरलोच होतो. त्या क्षणी मला त्या न घेतलेल्या गाडीचा जो राग आला, तो कचेरीतल्या कुठल्याही साहेबाचा कधी आला नाही.

गाडी बघायला मला घेऊन गेले. "थोरलं मानूस संगं पायजे," म्हणाले. सांगलीच्या शोरूममध्ये टाय लावलेला एक पोरगेला विक्रेता पुढं आला. "सर, ही प्रीमियम आहे." साडू म्हणाले, "म्हंजे काय?" तो म्हणाला, "फील वेगळा असतो सर." साडूंनी बाह्या वर केल्या आणि फील घ्यायला सुरुवात केली. चाकं खुरांसारखी उचलून बघता येईनात म्हणून जमिनीला गाल लावून पोट बघितलं. मग त्या मुलाला गाडी चालवायला लावून स्वतः रस्त्याकडेनं मागून चालत गेले, चाल बघायला. "मागलं पाय फेकत न्हाई," म्हणून पसंती दिली. मुलगा छताची काच उघडून दाखवायला लागला तेव्हा मात्र म्हणाले, "लेकरा, आमच्याकडं ऊन इकत घ्यावं लागत न्हाई रं. बिनखिडकीची दाव." शेवटी टॉवेल काढून त्याचा हात धरला. त्या बिचाऱ्याला गुदगुल्या झाल्या. तो इतका हसला की आतून मॅनेजर बाहेर आला, आणि थोड्या वेळानं मॅनेजरचाही हात टॉवेलाखाली होता. मी कोपऱ्यात माहितीपत्रक वाचत उभा राहिलो. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "चालवून थोरलं पावणं बगत्याल. त्यास्नी गाडीतलं कळतंय." मिरजेच्या रस्त्याला मी पाय दाबला आणि आता लपवण्यात अर्थ नाही, मला ती गाडी फार आवडली. लहानशी, पण पायाखालून असा जोर निघाला की पाठ सीटला टेकली. माझ्या पायाला, खरं तर माझ्या कशालाही, इतक्या लवकर उत्तर मिळायची मला सवय नाही. साडू शेजारी बसून म्हणाले, "कशी हाय?" मी म्हणालो, "बरी आहे. थोडी जड वाटते."

तिथून माझं पाप सुरू झालं. रोज सकाळी चहाबरोबर मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक बातमी टाकायला लागलो. डिझेलच्या गाड्या बंद होणार. डिझेलची दुरुस्ती महाग. लहान गाड्यांत आता डिझेल कोणी बनवतच नाही, सुटे भाग मिळायचे नाहीत. थोडं खरं, थोडं असंच कुठून तरी आलेलं. माझ्याकडून इतके शब्द त्या ग्रुपला आयुष्यात मिळाले नव्हते. साडू प्रत्येक बातमीखाली नमस्काराचे हात टाकायचे. एकदा फोन करून म्हणाले, "पावणं, किती काळजी करताय आमची! सख्खा भाऊ करत न्हाई." फोन ठेवल्यावर मी उरलेला चहा मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बातमी टाकली.

नागपंचमीला सगळे शिराळ्यात जमलो. मेहुणी पिकअपमधून उतरली ती दाराची चौकट धरून उभीच राहिली. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी सगळं चिंचेखालून, माझ्या गाडीचं दार लावता लावता पाहिलं. जेवणं झाली. पुरणाची दिंडं वाढताना सासूबाईंनी साडूंच्या पानावर तुपाची धार किती वेळ धरली हे मी बघितलं नाही असं म्हणणार नाही. मग साडूंनी हात धुतले, टॉवेल पसरला आणि म्हणाले, "गाडीचं आज ठरवायचं." आधी सासूबाई. मग मेहुणी. मग त्यांची कॉलेजात जाणारी लेक, ती आत हात घालतानाच हसत होती. मग माझी बायको. थोरल्याचा शब्द शेवटचा, म्हणून माझा नंबर शेवटी. बायका ताटं उचलायला लागल्या होत्या, भांड्यांचा आवाज होता.

टॉवेलाखाली त्यांचा हात आला. बैलाच्या कासऱ्यानं घट्टे पडलेला, गरम. मला एकदम वाटलं की चिंचेखालची जागा जाईल, ओसरीवरचं माझं उरलंसुरलं थोरलेपण जाईल आणि बायको त्या गाडीत बसून पदर तोंडाला लावून हसेल. मी मूठ केली.

साडू हलले नाहीत. त्यांनी माझी मूठ सोडलीही नाही. माझ्याकडे वाकले आणि अगदी हळू, एरवी मी बोलतो तेवढ्या आवाजात म्हणाले, "पावणं, ही मूठ गाडीला हाय का मला?"

काय वाटेल ते सांगता आलं असतं. सुटे भाग, दुरुस्ती, सगळं पाठ होतं. पण त्या माणसाच्या हातात हात होता, आणि हाताला तेवढी अक्कल नसते.

"तुम्हाला," मी म्हणालो.

"मग हरकत न्हाई," ते म्हणाले. "गाडीला असती तर थांबाय लागलं असतं. माझ्यावरची जुनी हाय. रोज सकाळी मोबाइलवर भेटतीच की!"

माझी मान वर होईना. त्यांनी अंगठ्यानं माझ्या मुठीवर एकदा थोपटलं, अडलेल्या वासराला थोपटावं तसं. मूठ कधी सुटली मला कळलं नाही. एक बोट मी पुढं केलं, त्यांनी ते घट्ट दाबलं, टॉवेल झटकला आणि ओसरी दणाणून म्हणाले, "समद्यांचं व्हय!" मेहुणीनं आतूनच डोळ्याला पदर लावला. माझी बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "बातम्या टाकून टाकून शेवटी हो म्हणालात होय!"

दिवाळीनंतर ते नवी गाडी घेऊन शिराळ्याला आले. मेहुणी सरळ चालत उतरली. मी आधीच पोचलो होतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच चिंचेखालची जागा रिकामी ठेवून माझी गाडी उन्हात लावली होती. साडूंनी ती रिकामी सावली बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि आपली नवी कोरी गाडी माझ्या गाडीशेजारी उन्हातच आणून उभी केली. "डिझेलला ऊन मानवतंय," म्हणाले. त्यांच्या पारखीला हे पटणं शक्य नाही, पण बोलले. दिवसभर दोन्ही गाड्या तापत राहिल्या. चिंचेखाली सासूबाईंनी खाट टाकली आणि मजेत झोपल्या. साडू ओसरीवरून काहीतरी बोलत होते, सगळे हसत होते. मला वाईट वाटलं नाही असं नाही. माझी ती मूठ अजून आहे. पण आता ती आमच्या दोघांची ओळखीची आहे.

परत येताना कऱ्हाडच्या पुढं चहाला थांबलो. मागच्या सीटवर एक टॉवेल पडला होता, माझाच. तो मी उचलून हातावर पसरला आणि बायकोला म्हणालो, "ही गाडी आता जुनी झाली. बदलूया का?" ती आधी हसली, मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. पदराला हात पुसून तिनं तो टॉवेलाखाली घातला. बोट दिलं की मूठ, ते सांगायची रीत नाही. चहा निवला तरी तिनं हात काढला नव्हता, एवढंच सांगतो.