चादरीवरची बोटं

साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीच्या एसटीत मला खिडकी मिळाली, तेव्हा मांडीवर अल्बम होता आणि चेहऱ्यावर, खरं सांगते, भलताच रुबाब.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी चाळिशीतली, साताऱ्यात संसार थाटलेली आणि स्वतःला कलावंत समजणारी. माझी आई आष्ट्याजवळच्या मळ्यात राहायची. तिला काचबिंदू झाला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत दिसेल तेवढं दिसेल. तिला आम्हा सगळ्यांना एकदा नीट बघून घ्यायचं होतं. म्हणून भावंडांकडचे जुने फोटो गोळा करून मी अल्बम बांधला. फोटो लहानमोठे, वेडेवाकडे. मी स्टीलची पट्टी आणि नवी कात्री घेऊन सगळ्यांच्या कडा छाटल्या. कसे एकसारखे, सुबक! त्या कात्रीचा मला अजून राग येतो. कात्री धरणारीचा जरा जास्तच.

कराड मागे पडलं तसा दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. इस्लामपूरला एक बाई भडंगाचा (लसूण घातलेल्या तिखट चुरमुऱ्यांचा) पुडा घेऊन शेजारी बसल्या आणि सरळ अल्बम उघडला.

"ही पोरगी कोन? इंचू चावल्यावानी बसलीया."

ती मीच होते, सात वर्षांची. प्रत्येक फोटोत डोळे मोठे, खांदे वर. "विचारात आहे ती," मी म्हणाले.

"आसंल," म्हणत त्यांनी भडंग पुढे केलं. मी रागानं मूठभर घेतलं.

मळ्यात पोचले तेव्हा आई उंबऱ्यात शेंगा फोडत होती. तिनं अल्बम डोळ्यांना जवळजवळ चिकटवला. पानं उलटली, परत मागे गेली.

"शालन, ह्यात मी कुठं हाय?"

"आई, तू फोटोत कधी नव्हतीसच."

"व्हते की. चादर कोन धरत हुतं मग?"

तेव्हा आठवलं. सांगलीचा फोटोवाला सायकलवर कॅमेरा बांधून मळ्यात यायचा. परक्या माणसापुढे सुनेनं बसायचं नाही, हा आजोबांचा नियम. मग पोरांच्या मागे पडद्यासारखी चादर आई धरायची. एक टोक मेढीला (गोठ्याच्या खांबाला) बांधलेलं, दुसरं तिच्या हातात.

"कडंला माजी बोटं हुती. दर फोटूत हुती. ती काय केलीस?"

"कापली," मी म्हणाले.

आईनं आणखी एक शेंग फोडली आणि म्हणाली, "आन् तुला चादरीमागनं चिमटा मी काडायचे. ताठ बसावंस म्हनून."

म्हणजे माझी ती विचारी मुद्रा तिथून आली होती.

दुसऱ्या दिवशी मी सांगली गाठली. गणपती पेठेतल्या गल्लीत त्या फोटोवाल्याचा मुलगा स्टुडिओ चालवत होता, तोही आता केस पिकलेला. माझी हकिगत ऐकून तो शिडीवर चढला.

"वडलांनी काय टाकलं न्हाई ओ ताई. डबं गावावार हायत." बिस्किटांचा एक गंजलेला डबा खाली आला. वर चिठ्ठी: आष्टा.

एकेक निगेटिव्ह तो खिडकीच्या उजेडात धरत होता. प्रत्येकाच्या कडेला चार काळी बोटं. मी मोजत होते आणि नाक पुसत होते. शेवटच्या पट्टीवर तो थांबला.

"ही खराब झालेली. वाऱ्यानं चादर पडली. ह्याचा कागद छापलाच न्हाई वडलांनी."

मी पट्टी हातात घेतली. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं. पोरांच्या मागे पांढऱ्याशुभ्र केसांची एक बाई, तोंड उघडं टाकून हसत होती. तरुणपणीची आई मला कशी आठवणार? पण या बाईला तर मी कालच उंबऱ्यात भेटले होते.

त्यानं तिसऱ्या प्रहरापर्यंत सगळे फोटो छापले, वाळवले, काळ्या जाड कागदांवर चिकटवून पुस्तक शिवलं. "कडा छाटू?" त्यानं विचारलं. मी असं बघितलं की त्यानं कात्री खाली ठेवली.

संध्याकाळच्या गाडीनं आष्टा. आईनं शेवटचं पान दारातल्या उजेडाकडे वळवलं.

"कोन गं ही? येड्यावानी हसतीया." मग हळूच, "माजं दात चांगलं हुतं की."

त्या फोटोत मीही मागे वळून तिच्याकडे बघत हसतेय. चादर पडल्यामुळे चिमटा राहून गेला होता.

साताऱ्याला परतताना तो सुबक अल्बम मी पिशवीच्या तळाशी घातला. दिवाळीनंतर आईला दिसेनासं झालं. तरी कुणी आलं की ती पुस्तक मागवायची, पानाच्या कडेवर हात फिरवायची आणि म्हणायची, "हितं मी हाय." बहुतेक वेळा बरोबर असायचं.

परवा नात मोबाइलमधल्या फोटोंचं छापील पुस्तक करायला बसली होती.

"आजी, तू काढलेल्या सगळ्या फोटोंत कोपऱ्यात तुझं बोट आलंय. कापून टाकते हं."

"हात लावून बघ," म्हटलं, "चिमटाच काढते."