उपसरपंच पंधरा महिन्यांनी जातो कुठं?

संख्याशास्त्र विभागात नुसते आकडे साठतात, असा लोकांचा समज आहे. साफ खोटं! सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात या विभागात आम्ही तिघंच. आकडे आणायला गावोगाव फिरायचो आणि परत येताना आकडा एक, किस्से चार! आकड्यांची फाइल करता येते हो, किस्से कुठे ठेवायचे? मग ते चहाच्या कपाबरोबर असे बाहेर पडतात.

तर हे सगळे किस्से बिराजदार मॅडमच्या पीएचडीचे. विषय असा, की राजकीय पदावरचा माणूस पदावर किती काळ टिकतो. सरपंच, उपसरपंच, नगराध्यक्ष, सभापती, कुणालाही सोडलं नव्हतं. गाइड आमचे हेड जोशी सर. ड्रायव्हर मी, कारण विभागात गाडी फक्त माझ्याकडे. मॅडमच्या मुदतवाढी सगळ्या संपल्या होत्या. यंदा प्रबंध पास झाला नाही तर नोंदणी रद्द आणि सात वर्षांची मेहनत पाण्यात! त्यामुळे आम्ही दोघं खुशाल हसायचो, मॅडम मात्र जीव मुठीत धरून हसायच्या.

*

मॅडमचं सासर मैंदर्गीचं. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. एकदा सासूबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "कशाचा अभ्यास चाललाय गं एवढा?"

"सरपंच किती दिवस टिकतो, त्याचा."

सासूबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "ऐदु वर्ष, अष्ट!" म्हणजे पाच वर्षं, संपला विषय! मग जरा थांबून म्हणाल्या, "एवढं शोधायला सात वर्षं लागत्यात व्हय?"

*

सुरुवातीला आम्ही माहिती घेतली ती ग्रामपंचायतीतल्या बोर्डांवरून. आजवरच्या सरपंचांची नावं असलेला बोर्ड तुम्ही पाहिला असेल. नाव, 'पासून', 'पर्यंत'. मॅडम फोटो काढायच्या, मी खुर्चीवर चढून धूळ पुसायचो.

नातेपुत्याकडच्या काही गावांत तर कमालच झाली. प्रत्येक सरपंच बरोबर पाच वर्षं! एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही. जोशी सर हरखून गेले. "काय स्थिर लोकशाही आहे! यावर वेगळा पेपर होईल!"

मला मात्र एक गोष्ट खटकली. सगळ्या बोर्डांच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव एकच होतं. त्याला गाठला.

तो म्हणाला, "सर, कुनी मदीच राजीनामा देतंय, कुनावर अविश्वास ठराव येतोय, लई भानगडी. बोर्ड कसा वाकडातिकडा दिसतो. म्हनून मी सगळ्यांना पाच-पाच वर्षं दिली. एकाची तक्रार न्हाय!"

मॅडम मटकन खाली बसल्या. पेंटरला फार वाईट वाटलं. ब्रश पुसत तो आपुलकीनं म्हणाला, "मॅडम, तुमाला किती वर्षं पायजेत ते सांगा की. तसं करून देतो!"

*

मग फॉर्म छापले आणि गावोगावी वाटले. त्यात एक रकाना होता, 'पद सोडल्याची तारीख'. जो अजून पदावर आहे त्याची ही तारीख आपल्याला ठाऊक नसते, पण म्हणून त्याला वगळायचं नसतं. या शास्त्रातली सगळी मेख तिथेच आहे. मी आपला सरळ मनानं अशा ठिकाणी पेन्सिलीनं लिहायचो, 'तारीख येणे बाकी'.

एका सभापतींनी स्वतःच्या नावापुढे हे वाचलं! दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या दारात पांढरी गाडी, बरोबर चार माणसं. "माजी तारीख कुटनं येनार हाय? मुंबईवरनं?"

जोशी सरांनी त्यांना वर्गात बसवलं, फळ्यावर आलेख काढला आणि तासभर समजावलं. सुरुवातीला सगळे पदावर असतात, मग एकेक गळत जातो, रेघ खाली येत जाते. सभापती एकटक रेघेकडे बघत होते.

"ही रेघ वर कंदीच जात न्हाय?"

"कधीच नाही!" सर अभिमानानं म्हणाले.

सभापती झटकन उठले. "चला रे. आदी मतदारसंघात चला!"

*

पुढे सभांच्या इतिवृत्तांतून खऱ्या तारखा काढल्या. वर्ष गेलं त्यात. तेव्हा एक गंमत दिसली. कितव्या महिन्यात किती जण पद सोडतात, असा दुसरा आलेख काढला, तर उपसरपंचांच्या पंधराव्या महिन्यावर मोठा डोंगर! ही एवढी माणसं नेमकी पंधरा महिन्यांनीच का जातात?

जोशी सरांनी सिद्धान्त मांडला. पंधरा महिन्यांत माणसाला सत्तेचा मानसिक थकवा येतो! तीन पानं लिहून काढली त्यांनी, तीही एका बैठकीत.

ती पानं घेऊन आम्ही वैरागकडच्या एका गावी गेलो. तिथले तात्या ऐंशीच्या घरातले. उभ्या जन्मात एक पद घेतलं नाही, पण त्यांच्याशिवाय गावात बैठक बसत नाही. सरांनी त्यांना सिद्धान्त सांगितला. तात्या इतके हसले, की फेटा सावरावा लागला.

"खुर्चीचा कटाळा? सर, तुमाला कंदी आलाय का?"

आमचे सर नऊ वर्षं प्रभारी हेड आहेत. मी खिडकीबाहेर बघितलं.

मग तात्यांनी उलगडा केला. पद एक, हवंय चौघांना. पाच वर्षांचे चार वाटे, सव्वा-सव्वा वर्षाचे. म्हणजे पंधरा महिने! आणि शब्द फिरवू नये म्हणून खुर्चीवर बसायच्या आधीच राजीनामा सही करून तात्यांकडे ठेवायचा. तारीख कोरी. मुदत भरली, की तात्या तारीख टाकणार. सरांनी तीन पानांची घडी करून खिशात घातली, ती पुन्हा कधी दिसली नाही.

"तात्या, एखादा कागद बघायला मिळेल?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय लेकी. ते कुनाला दावायचं नसतंय. चौगांचा इस्वास हाय." मग मॅडमचा चेहरा बघून म्हणाले, "तुजी परीक्षा कंदी हाय? मी येतो."

*

आणि आले की! पीएचडीची तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते. शेवटच्या रांगेत तात्या आणि शेजारी त्यांच्या गावचे चालू उपसरपंच. पदावर बसून जेमतेम आठ महिने झालेले. जीप त्यांनीच चालवत आणली होती आणि मांडीवर मॅडमसाठी पेढ्यांचा बॉक्स.

बाहेरगावचे परीक्षक कडक. डोंगरापर्यंत सगळं सुरळीत गेलं. तिथे त्यांनी चष्मा काढला. "राजीनामा आधीच लिहून घेतात? पुरावा काय?"

"मुलाखत आहे, सर."

"ऐकीव गोष्ट झाली. प्रबंधाचा सगळा भार या प्रकरणावर आहे. पुरावा नसेल, तर मी पास करू शकत नाही."

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. इतकी वर्षं मी या पीएचडीला हसत आलो होतो. त्या क्षणी मात्र मलाच रडू येईल असं वाटलं.

"थांबा सायेब!"

तात्या उठले. बंडीच्या आतल्या खिशातून घडी केलेला एक कागद काढला आणि सावकाश पुढे चालायला लागले.

"तात्या..." उपसरपंच अर्धवट उठले. "ओ तात्या!"

तात्यांनी मागं वळून बघितलं नाही. कागद टेबलावर ठेवला. परीक्षकांनी तो दोनदा वाचला. पदाचं नाव, मजकूर, खाली सही, दोन साक्षीदार. मान हलवत ते म्हणाले, "पुरावा म्हणून हे मला मान्य आहे. फक्त यावर तारीख नाही."

तात्यांनी खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं.

"मग टाका की! आज काय तारीख हाय?"