टँकरजवळची खुर्ची

त्या दुष्काळात सगळं शहर पाणी पाणी करत होतं आणि डॉक्टरांनी मला मोजूनच पाणी प्यायला सांगितलं होतं. हृदय कमजोर झालं होतं. पायांवर सूज, चार पावलं टाकली की धाप. दवाखान्यातून सोडताना त्यांनी बजावलं, "जड काही उचलू नका."

आमची गल्ली गुंठेवारीतली. प्लॉट विकले गेले, दुमजली घरं उठली, नळ मात्र आलाच नाही. टँकर आला की अख्खी गल्ली हंडे घेऊन पळायची. मी पळाले नाही तर बायका कारण विचारणार. हृदयाचं सांगितलं तर म्हणणार, एवढ्या कमी वयात कसं? आणि मग एचआयव्हीपर्यंत पोचायला त्यांना कितीसा वेळ! त्याच्या गोळ्या मी वर्षानुवर्षं डाळीच्या डब्यात लपवून, न चुकता घेत आले होते. म्हणून हंडे उचलले, तेही सगळ्यांच्या पुढं, हसत हसत. महिन्याच्या आत पुन्हा त्याच वॉर्डात, नाकाला ऑक्सिजन.

"गोळ्या सुटल्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. हंडा सुटला नाही."

ते हसले नाहीत. म्हणाले, "पुन्हा असं झालं तर घरी पाठवू शकेन की नाही, सांगता येणार नाही."

मला संताप आला, त्या मेल्या हंड्याचा. ज्या आजाराला मी एवढी वर्षं पुरून उरले, तो लपवण्यासाठी हंडा उचलून मरायचं?

घरी आल्यावर शेजारच्या मावशींना चहाला बोलावलं. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून मुद्दाम त्यांनाच. दोन्ही आजार सांगून टाकले. मावशी अर्धा चहा तसाच ठेवून उठून गेल्या. झालं, आता वाळीत पडायची तयारी ठेव, असं मी स्वतःला सांगितलं आणि भरपूर रडले.

सकाळी टँकरचा भोंगा वाजला. दार उघडलं तर टँकरच्या पाइपाशेजारी प्लास्टिकची खुर्ची, आणि मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. मागं सगळ्या बायका.

"बघत काय राहिलीस? बैस इथं. रांगेत कोण घुसतंय ते बघ अन् वरड. हंड्याला हात लावायचा नाय. अन् नंतर चहा टाक, कालचा अर्धाच राहिला माझा."

तो अख्खा उन्हाळा मी खुर्चीत बसून गल्लीवर राज्य केलं. वॉर्डाचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कोण भरतं आता?"

"गल्ली भरते," मी म्हटलं. "मी नुसती ओरडते."