कुंपणावरचं लाल लुगडं

मुलगी तीन महिन्यांची असताना मी बालाघाटच्या मुलींच्या शाळेत परत रुजू झाले. नोकरी कच्ची. नवऱ्याला काम नव्हतं, घर माझ्या पगारावर; आणि मी पक्की होणार की नाही, ते बड्या बहनजींच्या शेऱ्यावर. या आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्याशी सगळं हिंदीत बोलावं लागे. राग आला तरी मला आधी शब्द शोधावे लागत, आणि तोवर त्या पुढे निघून गेलेल्या असत.

घर शाळेच्या मागेच. बाळ भुकेनं रडायला लागलं की सासूबाई कुंपणावर आपलं लाल लुगडं टाकत. मी वर्गाच्या खिडकीतून बघायची आणि मधल्या सुट्टीत पाजून यायची. चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी बहनजींनी मला फाटकात अडवलं.

"आज आप जाएँगी, कल सब जाएँगी."

दुसऱ्या दिवशी चपराशाला सांगून त्यांनी ती खिडकीच बंद करून घेतली.

खिडकी बंद असली तरी मला डोळ्यांपुढे लुगडं दिसायचंच. गणितं सांगता सांगता छाती भरून यायची, पदर ओला व्हायचा, मुली खाली बघायच्या. मी पदर दुहेरी घेऊन शिकवत राहिले. भांडायला हवं होतं. नाही भांडले. घरी सासूबाई बाळाला वाटी-चमच्यानं बकरीचं दूध पाजू लागल्या. सकाळ-संध्याकाळ मी अंगावर घ्यायची, पण दूध आटत चाललं. वर्गात पदर कोरडा राहू लागला, आणि मला मेलीला त्याचं बरंच वाटलं.

महिन्याभरानं इन्स्पेक्टरबाई आल्या आणि माझा वर्ग बघून खूश होऊन गेल्या. बहनजींची मर्जी फिरली. मधल्या सुट्टीत स्वतः म्हणाल्या, "जाइए, पिला आइए. दस मिनट."

मी धावतच घर गाठलं. मुलीला छातीशी धरलं. तिनं तोंड लावलं, दोनदा चोखून पाहिलं, आणि मान फिरवून सासूबाईंच्या दिशेनं रडायला लागली.

"राहू दे वं बाई," सासूबाई म्हणाल्या. "तिले आता वाटीच पायजे."

त्यांनी तिला माझ्या हातातून घेतलं. दोन चमच्यांत ती गप्प झाली. मी ब्लाउजची बटणं लावली.

घंटेच्या आत परत आले. बहनजी फाटकातच उभ्या होत्या.

"पी लिया?"

"जी," मी म्हणाले. "बहुत मेहरबानी."